मलिक अंबर : खडकीला पाणी देणारा माणूस

छावणी ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागले की पडेगाव येते. सीताफळांच्या दिवसांत दौलताबादच्या बाजूने पाट्या भरून फळे याच वाटेने शहरात जातात. शहागंज, औरंगपुरा आणि जाधववाडीच्या बाजारातून उरलेली भाजी संध्याकाळी याच वाटेने हातगाड्यांवर परत येते. शहराचे खाणे येते कुठून आणि जाते कुठे, हे आम्हां पडेगावकरांना दारात बसून दिसते. २०१८ साली नारेगावच्या लोकांनी शहराचा कचरा घ्यायला नकार दिला, तेव्हा कचऱ्यावर प्रक्रिया करण्यासाठी ज्या चार जागा ठरल्या, त्यांत पडेगावही होते. म्हणजे शहराने खाल्लेल्या भाजीची देठेसुद्धा आमच्याकडेच यायची ठरली!

आमच्या गल्लीत घरांच्या मध्ये एक मोकळी जागा आहे. माझी आजी, शेजारच्या खाला आणि कोपऱ्यावरच्या काकू अशा तिघींनी तिथे प्रथम मेथी टाकली. पुढे अंबाडी, पालक, गवार, वांगी आणि कुंपणावर दोडक्याचा वेल आला. बघता बघता नऊ घरे त्यात सामील झाली. गल्लीतली मुले शाळेतून येताना कोवळी गवार तोडून तशीच खाऊ लागली. दोन वर्षे हे छान चालले. गेल्या उन्हाळ्यात मात्र ज्या एका बोअरवर ही बाग तगली होती ती एप्रिलमध्ये आटली. नळाला पाणी येई ते आठ-आठ दिवसांनी, आणि ज्याने त्याने आपापली टाकी भरून घेतली. बागेला पाणी कोणी घालायचे यावरून भांडणे झाली. आधी मेथी गेली, मग वांगी गेली. शेवटी खालांचे आणि काकूंचे बोलणेही बंद झाले. पाण्याची टंचाई काय करते हे मी तेव्हा प्रथम इतक्या जवळून पाहिले.

त्याच सुमारास इतिहासाच्या सरांनी आम्हांला शहराच्या इतिहासातील एका व्यक्तीवर टिपण लिहायला सांगितले. माझ्या वाट्याला मलिक अंबर आला. खरे सांगायचे तर मी थोडी नाराजच झाले. शाळेच्या पुस्तकात तो दोन ओळींत येतो : निजामशाहीचा हबशी वजीर, गनिमी काव्याने मोगलांशी लढला. एवढ्याशा माहितीत टिपण कसे होणार? पण वाचू लागले तसतसे लक्षात आले, की गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत जो प्रश्न उभा राहिला, त्या प्रश्नाला या माणसाने चारशे वर्षांपूर्वी हात घातला होता. तोही एका गल्लीसाठी नाही, अख्ख्या शहरासाठी.

*

अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास आफ्रिकेत, आजच्या इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू असल्याचे सांगतात. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात गेला. तांबड्या समुद्राकाठचे मोखा बंदर, तिथून बगदाद, असा त्याचा प्रवास विकत घेणाऱ्यांच्या मर्जीने झाला. बगदादच्या मीर कासीम या मालकाने त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. अंबर म्हणजे समुद्रातून मिळणारे एक सुगंधी, मोलाचे द्रव्य. आईबापांनी ठेवलेले नाव मागे पडले आणि मालकाने ठेवलेले नाव इतिहासात राहिले, ही गोष्ट मला फार चटका लावून गेली.

पुढे त्याला दख्खनेत आणून विकण्यात आले. त्याला विकत घेणारा चंगीजखान हा अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा होता. हा चंगीजखान स्वतः एकेकाळचा हबशी गुलाम! त्या काळच्या दख्खनेत हे अशक्य नव्हते. इथले सुलतान हबशी गुलाम विकत घेत, त्यांना शस्त्रविद्या शिकवत, आणि मालक गेल्यावर त्यांतले अनेक जण मोकळे होऊन फौजेत शिरत. चंगीजखानाच्या हाताखाली अंबरने फौज पाहिली, दरबार पाहिला, हिशेब पाहिला. १५७५ च्या सुमारास चंगीजखान मरण पावला आणि त्याच्या विधवेने अंबरला मोकळे केले. अंबरचे वय तेव्हा पंचविशीच्या पुढे होते. गाठीला ना जमीन, ना जात, ना गणगोत.

त्यानंतरची वीस वर्षे तो भाडोत्री शिपाई होता. विजापूरच्या आदिलशहाकडे राहिला, तिथे मलिक हा किताब मिळवला आणि १५९५ च्या आसपास आपल्या स्वारांसह पुन्हा निजामशाहीत आला. ती निजामशाहीची पडती वेळ होती. १६०० साली चांदबिबी मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. राज्य संपले असेच सर्वांना वाटले. पण अंबरने निजामशाही घराण्यातला एक तरुण शोधून परांड्याला गादीवर बसवला, त्याला आपली मुलगी दिली आणि त्याच्या नावाने राज्य चालवू लागला. राजू दख्खनी हा त्याचा प्रतिस्पर्धी १६०७ मध्ये हरला. राजधानी परांड्याहून जुन्नरला आणि तिथून दौलताबादला आली.

अंबरच्या लढायांबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी त्यांत फार शिरत नाही. एवढेच सांगते, की समोरासमोरची लढाई तो शक्यतो टाळी. हलक्या मराठा घोडदळाच्या टोळ्या सोडून तो मोगली छावणीची रसद तोडी. बंजाऱ्यांचे धान्याचे तांडे अडले की लाखाची फौजही आठवड्यात हतबल होते, हे त्याने ओळखले होते. मालोजी भोसले आणि पुढे शहाजीराजे याच निजामशाहीच्या चाकरीत होते. गनिमी कावा मराठ्यांच्या हाडीमाशी खिळला, त्यात या काळाचा मोठा वाटा आहे. धान्य आणि पाणी हीच युद्धाची खरी हत्यारे, हे ज्याला कळले, त्याला शांततेच्या काळातही त्यांची किंमत कळली असणार.

*

१६१० साली अंबरने दौलताबादजवळच्या एका खेड्याच्या जागी नवे शहर वसवले. खेड्याचे नाव खडकी. नावातच सारे आले. खाली काळा खडक, वर मातीचा पातळ थर, बाजूने खाम नावाची लहानशी नदी, आणि उत्तरेला डोंगर. अशा ठिकाणी राजधानी का वसवावी? दौलताबादचा किल्ला जवळ, व्यापाराच्या वाटा जवळ आणि फौजेला मोकळे मैदान, ही कारणे दिसतात. शहर झपाट्याने वाढले. अंबरच्या मराठा सरदारांनी आपापले पुरे वसवले. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही नावे मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी यांच्यावरून पडली असे म्हणतात. १६१२ मध्ये मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून भडकल दरवाजा उभा राहिला. त्या दरवाजाखालून आपल्यापैकी कितीतरी जण रोज जातात. मी तर दोन वर्षे जात होते आणि तो कोणी बांधला हे मला ठाऊक नव्हते.

मग आली १६१६ ची मोगल स्वारी. रोशनगावच्या लढाईत अंबरचा पराभव झाला. मोगलांनी खडकीत शिरून शहर जाळले. सहा वर्षांत उभे केलेले सारे राखेत गेले. अंबर तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होता. त्या वयात माणूस काशीयात्रेचा नाहीतर हजयात्रेचा विचार करतो. याने काय केले?

त्याने पाणी आणायला घेतले.

नहर-ए-अंबरीचे काम १६१७ च्या सुमारास सुरू झाले, म्हणजे शहर जळाल्यानंतर अवघ्या वर्षभरात. ती पंधरा महिन्यांत पुरी झाली आणि अडीच लाख रुपये खर्च आला असे सांगतात. तिची रचना समजून घेताना मला सर्वांत जास्त आनंद झाला. शहराच्या उत्तरेला हर्सूल-सावंगीच्या बाजूला, खामच्या खोऱ्यात, जमिनीखाली पाणी झिरपत असते. वर नदी आटली तरी खाली वाळूमुरमातून ते सरकतच असते. अंबरच्या कारागिरांनी जमिनीखाली बोगदे खोदून हे झिरपणारे पाणी गोळा केले आणि बांधीव भुयारी पाटातून, केवळ उताराच्या जोरावर, शहरात आणले. ना मोट, ना रहाट, ना बैल. वाटेत ठरावीक अंतरावर तोंडे ठेवली, म्हणजे माणूस आत उतरून गाळ काढू शकेल. शहरात जागोजागी उंच बांधीव मनोरे उभारले; त्यांतून पाणी चढून पुन्हा खाली उतरे, अडकलेली हवा बाहेर पडे आणि दाब राखला जाई. गायमुखाशी पाणी प्रकट होई, आणि तिथून खापराच्या नळांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांतल्या हौदांत जाई.

पाणी जमिनीखालून आणण्यात दुहेरी शहाणपण होते. आपल्या मराठवाड्याच्या उन्हात उघड्या पाटातले पाणी वाफ होऊन जाते. ते इथे वाचले. आणि शहर जाळणाऱ्या शत्रूला जमिनीवरचे वाडे दिसतात, जमिनीखालचे पाणी सहज दिसत नाही. १६२१ मध्ये मोगलांनी खडकीचा पुन्हा विध्वंस केला, पण नहर वाहतीच राहिली.

त्याहून महत्त्वाची गोष्ट मला अशी वाटते, की हे पाणी हौदात येत होते. हौद हा मोहल्ल्याचा असतो, एका घराचा नसतो. तिथे पाणी भरताना शेजाऱ्याचे तोंड पाहावेच लागते. हौदातून सांडणारे पाणी जवळच्या झाडाला, अंगणातल्या आळ्याला जात असणार हे समजायला पुस्तक कशाला हवे? गावाकडे आडाजवळ केळ आणि अळू आपोआप येते, तसेच ते. पुढे मोगल आणि निजामाच्या काळात याच धर्तीवर या शहरात आणखी अनेक नहरी झाल्या. त्यांतलीच एक पाणचक्कीची. डोंगरातून आलेल्या पाण्याच्या जोरावर तिथे जाते फिरे आणि दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी व वाटसरूंसाठी पीठ दळले जाई. दिल्ली दरवाजाजवळची हिमायत बागही त्याच परंपरेतली. आज तिथे कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे आणि शहरातली माणसे रोपे आणायला तिकडे जातात. खडकावरच्या या शहराला बागांचे शहर म्हणून कीर्ती मिळाली, तिच्या मुळाशी अंबरची नहर आहे.

*

अंबरने शहराला पाणी दिले तसा शेतीलाही नियम लावला. गावोगावच्या जमिनीची प्रतवारी करून, प्रत्यक्ष आलेल्या पिकाच्या मानाने सारा घेण्याची पद्धत त्याने घालून दिली. इजारदारांची मधली साखळी त्याने मोडली. कारण इजारदाराला आपले पैसे वसूल करायचे असतात, रयत जगली काय नि मेली काय. सरकारचा वाटा आधी धान्यात ठरे, पुढे त्याची किंमत रोखीत बांधून दिली गेली. चांगली जमीन शेतकऱ्याच्या मालकीची आणि पडीक जमीन व कुरणे गावाच्या सामाईक मालकीची, अशी त्याची व्यवस्था इतिहासकार सांगतात. पुढे पुण्याकडे जहागिरीची घडी बसवताना अंबरचा हाच धारा नजरेसमोर होता, असेही ते म्हणतात.

सामाईक हा शब्द मी वाचला आणि आमच्या गल्लीतली ती मोकळी जागा डोळ्यांसमोर आली. सामाईक जागा आम्ही सहज केली होती. सामाईक पाण्याचा विचार मात्र आम्ही केला नव्हता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

अंबरला देव्हाऱ्यात बसवावे असे मी म्हणणार नाही. तो सत्तेचा माणूस होता आणि सत्तेने जे करावे लागते ते सारे त्याने केले. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजांना एकदम हरवले. तिथेही त्याचे हत्यार पाणीच होते : तलावाचा बांध फोडून त्याने शत्रूच्या छावणीभोवती चिखल केला आणि रसद तोडली. या लढाईत शहाजीराजे लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. विजयानंतर अंबर विजापूरवर चालून गेला आणि इब्राहिम आदिलशहाने हौसेने वसवलेले नवरसपूर त्याने उद्ध्वस्त केले. ज्याचे स्वतःचे शहर दोनदा उद्ध्वस्त झाले, त्याने दुसऱ्याचे शहर जमीनदोस्त करावे! हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. पण माणूस समजून घ्यायचा तर तो सगळाच घ्यावा लागतो. ज्या हातांनी नवरसपूर पाडले, त्याच हातांनी नहर बांधली. नवरसपूर आज ओसाड आहे आणि नहरीचे पाणी मात्र तीनशे वर्षे लोक प्याले. अंबरच्या दोन कृत्यांचा हिशेब काळाने असा मांडला.

जहांगीर बादशहाला अंबर जिवंत असताना जिंकता आला नाही. त्याने आपल्या दरबारी चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले. त्यात भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या शिरावर बादशहा बाण सोडतो आहे. बिचाऱ्या बादशहाला हा विजय कागदावरच मिळाला. १६२६ च्या मे महिन्यात, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, अंबर अंथरुणावर मरण पावला आणि नंतर मोगलांच्याच बखरकाराने त्याच्या कर्तृत्वाची तोंड भरून स्तुती लिहून ठेवली. त्याच्या मुलाने, फत्तेखानाने, खडकीचे फतेहनगर केले. पण दहा वर्षांत निजामशाही बुडाली. १६५३ नंतर औरंगजेबाच्या नावाने शहर औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. नावे बदलत गेली. खाली खडक तोच आहे, आणि पाण्याची गरजही तीच.

*

नहरीचे पुढे काय झाले? विसाव्या शतकात हर्सूलचा तलाव आला आणि १९७६ मध्ये जायकवाडीचे धरण झाले. पन्नासेक किलोमीटरवरून पंपाने चढवलेले पाणी घरोघर नळाने येऊ लागले. त्याचा आनंद कोणाला होणार नाही? डोक्यावरचे हंडे गेले, ही लहान गोष्ट नव्हे. पण घरात नळ आला आणि हौदाकडे कोणी फिरकेना. नहरीची तोंडे बुजली, काहींवर घरे उठली, खापराचे नळ फुटले. काही ठिकाणी मात्र आतले पाणी अजून वाहते आहे. गाळ काढायला कोणी उतरत नाही, एवढेच.

दिवाळीच्या सुट्टीत मी आजीला घेऊन खुलताबादला गेले. आमच्या पडेगावहून तीच वाट पुढे दौलताबादवरून घाट चढून जाते. अंबरची कबर तिथे आहे. काळ्या दगडाचा भारदस्त घुमट, जवळच त्याच्या पत्नीची, करीमाबीबीची कबर. आजूबाजूला फारसे कोणी नव्हते. आजीला मी नहरीची गोष्ट सांगितली. ती सगळे ऐकून घेऊन म्हणाली की हौदाचा गाळ कोण काढत होते ते आधी सांग. मला उत्तर देता आले नाही. पुस्तकांत नहर बांधणाऱ्याचे नाव आहे; गाळ काढणाऱ्यांची नावे नाहीत. पण तीनशे वर्षे पाणी वाहिले, म्हणजे ते काम कोणीतरी पाळीपाळीने केलेच असणार. अंबरचे मोठेपण मान्य करूनही आजीचा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

परत आल्यावर आजीने खाला आणि काकूंना एकाच वेळी चहाला बोलावले. दोघी आल्या. पहिली दहा मिनिटे कोणीच बोलले नाही. मग गल्लीच्या मोकळ्या जागेत एक छोटा हौद बांधायचे ठरले. नऊ घरांच्या छपरांचे पावसाचे पाणी त्यात यायचे, भाजी-तांदूळ धुतलेले पाणी रोज प्रत्येक घराने बादलीभर बागेत आणून ओतायचे, आणि गाळ काढायची पाळी महिन्यागणिक फिरायची. खानदेशात नदीच्या बंधाऱ्यावरची फड पद्धत अशीच पाळीवर चालत आली आहे, हे मला सरांनी सांगितले होते. ते मी तिथे सांगून टाकले आणि थोडा भाव खाल्ला. पहिली पाळी खालांनी घेतली, दुसरी काकूंनी. तिसरी आमच्या घराची आहे, म्हणजे माझीच.

हौद झाला आहे. हिवाळ्यात अंबाडी आणि मेथी चांगली आली. उन्हाळा अजून यायचा आहे आणि खरी परीक्षा तेव्हाच होईल. छपरांवरचे पाणी एप्रिलपर्यंत पुरणार नाही हे आम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. या वेळी बाग वाळली तर निदान भांडणे होऊ नयेत, एवढे आम्ही ठरवले आहे.

मित्रहो, आपले कॉलेज ज्या शहरात आहे ते शहर एका गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या माणसाने खडकावर वसवले आणि जळाल्यावर त्याला आधी पाणी दिले. भडकल दरवाजाखालून जाताना क्षणभर थांबून वर पाहा. आणि तुमच्या मोहल्ल्यात नहरीचे एखादे बुजलेले तोंड असेल, तर त्यावर कचरा टाकणाऱ्याला तेवढे अडवा.